चिपच्या स्पर्धेत ठाणे-बेलापूर पट्टा

कल्याणहून निघालेला रस्ता शिळफाट्याला पोहोचला की एक वाट महापेकडे आणि दुसरी तळोज्याकडे जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये या दोन्ही वाटांच्या टोकाला एकाच उद्योगाचे नाव झळकले. ५ सप्टेंबर रोजी राज्य शासनाने पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक क्षेत्रात इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूह यांच्या ८३ हजार ९४७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते महापे येथे आरआरपी इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या चिप-वेष्टन केंद्राचे उद्घाटन झाले. डोंबिवली, कल्याण, ठाणे येथील अभियांत्रिकी पदवीधरांच्या घरांत 'सेमीकंडक्टर' हा शब्द तेव्हापासून वारंवार ऐकू येऊ लागला. नोकरीसाठी बंगळुरूला जाण्याऐवजी शिळफाट्यापर्यंत गेले तरी पुरेल, अशी आशा त्यामागे होती.

त्या आशेचे पुढे काय झाले हे समजून घेण्यासाठी आधी चिप तयार कशी होते आणि जगात तिच्यावरून एवढी चुरस का आहे, हे पाहावे लागते.

वाळूपासून चकतीपर्यंत

चिपचा मूळ पदार्थ सिलिकॉन. ते वाळूतील सिलिकापासून मिळते. अतिशुद्ध सिलिकॉन वितळवून त्याचा एकसंध स्फटिकाचा दंडगोल ओढला जातो आणि त्याचे पातळ काप केले जातात. या कापांना वेफर म्हणजे चकती म्हणतात. आजच्या मोठ्या कारखान्यांतील चकती ३०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे साधारण जेवणाच्या ताटाएवढी असते. तिच्यावर प्रकाशसंवेदी लेप चढवायचा, आराखड्याच्या साच्यातून प्रकाश टाकायचा, नको असलेला भाग कोरून काढायचा, हवे ते अणू रुजवायचे, धातूचा थर द्यायचा, घासून सपाट करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अशा शेकडो टप्प्यांतून गेल्यावर एका चकतीवर शेकडो चिप तयार होतात. अत्याधुनिक चिपच्या बाबतीत या साऱ्याला तीन महिन्यांच्या आसपास वेळ लागतो. हवेतला एखादा धूलिकण चुकीच्या जागी बसला तरी चिप निकामी होते. म्हणूनच या कारखान्यांतील स्वच्छ कक्ष शस्त्रक्रियागृहापेक्षाही कितीतरी पटींनी स्वच्छ ठेवावे लागतात.

जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये पहिले एकात्मिक मंडल तयार केले. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी चिपवरील घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे भाकीत केले. हा निसर्गनियम नव्हता, तो एका अभियंत्याचा अंदाज होता. पण पुढे संपूर्ण उद्योगाने तो वेळापत्रकासारखा पाळला. चिपच्या पिढ्या मोजण्याचे माप आधी मायक्रॉन होते, नंतर नॅनोमीटर झाले. एका मायक्रॉनमध्ये एक हजार नॅनोमीटर असतात आणि माणसाच्या केसाची जाडी ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. मात्र हल्ली जाहिरातींत दिसणारे '३ नॅनोमीटर', '२ नॅनोमीटर' हे आकडे चिपवरील कोणत्याही एका भागाचे प्रत्यक्ष माप दाखवीत नाहीत. ती त्या त्या पिढीची व्यापारी नावे आहेत. एका कंपनीचे ३ आणि दुसरीचे ३ सारखे असतीलच असे नाही, हे ग्राहकाने लक्षात ठेवलेले बरे.

मोजक्यांची शर्यत

एकेकाळी चिपचे आरेखन करणारी कंपनी स्वतःच ती तयारही करीत असे. ही पद्धत मोडली ती तैवानने. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी स्थापन केलेल्या टीएसएमसी या कंपनीने फक्त इतरांच्या चिप तयार करून देण्याचा व्यवसाय सुरू केला. स्वतःच्या नावाची चिप विकायची नाही, म्हणजे ग्राहकाशी स्पर्धा नाही, हे त्यामागचे सूत्र. त्यामुळे कारखाना न बांधता केवळ आरेखनावर उभ्या राहणाऱ्या कंपन्यांना वाट मिळाली. एनव्हिडिया आणि क्वालकॉम ही त्यातली ठळक नावे. इंटेलशी वर्षानुवर्षे झुंजणाऱ्या एएमडीने २००९ मध्ये आपले कारखाने वेगळे काढले आणि त्यांतून ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी जन्माला आली. तिनेही २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचा नाद सोडून दिला. खर्च झेपत नव्हता. त्यानंतर अग्रभागी तीनच नावे उरली: टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल.

एवढा खर्च कशाचा, याचे उत्तर नेदरलँड्समधील एएसएमएल या कंपनीच्या यंत्रात आहे. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश निर्माण करण्यासाठी या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५० हजार या वेगाने सोडले जातात आणि प्रत्येक थेंबावर लेसरचा दोनदा मारा केला जातो. हा प्रकाश हवेतही शोषला जातो आणि काचेतही, त्यामुळे सगळा प्रवास निर्वातात आणि आरशांवरूनच होतो. अशा एका यंत्राची किंमत पंधरा कोटी डॉलरहून अधिक आहे. नव्या पिढीचे यंत्र त्याच्या दुपटीच्याही पुढे जाते. ते तयार करणारी कंपनी जगात एकच आहे.

सॅमसंगने जून २०२२ मध्ये नव्या रचनेच्या ट्रान्झिस्टरसह ३ नॅनोमीटरचे उत्पादन सर्वप्रथम सुरू केल्याचे जाहीर केले, पण मोठे ग्राहक टीएसएमसीकडेच राहिले. चकतीवरील किती चिप चांगल्या निघतात, हा या धंद्यातला खरा कस असतो. घोषणा कोणी आधी केली याला ग्राहक फारसे महत्त्व देत नाहीत. २०२५ च्या अखेरीस टीएसएमसीने २ नॅनोमीटरचे घाऊक उत्पादन सुरू केले. इतरांसाठी चिप तयार करण्याच्या जागतिक बाजारपेठेचा सुमारे ७० टक्के हिस्सा तिच्याकडे होता. १० नॅनोमीटरच्या टप्प्यावर अडखळलेल्या इंटेलने '१८ए' या प्रक्रियेवर आपली पत पणाला लावली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकी सरकारनेच इंटेलमध्ये सुमारे दहा टक्के भागभांडवल घेतले. खासगी उद्योगाचे गोडवे गाणाऱ्या देशात हे घडले, यावरून या उद्योगाचे राजकीय मोल कळावे.

त्याला पार्श्वभूमी चीनची आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिप आणि त्यांची यंत्रे चीनला देण्यावर कडक निर्बंध घातले. वर्ष उलटण्याच्या आत, ऑगस्ट २०२३ मध्ये, हुआवेने ७ नॅनोमीटर दर्जाची चिनी बनावटीची चिप असलेला फोन बाजारात आणला. निर्बंधांनी चीन थांबला की अधिक वेगाने स्वावलंबी झाला, हा वाद अजून मिटलेला नाही.

मोहालीची आग आणि तळेगावचा वाद

भारताने ही वाट उशिरा धरली असे म्हणणे पूर्णतः खरे नाही. केंद्र सरकारने सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला १९७६ मध्येच मान्यता दिली होती. मोहाली येथे १९८४ च्या सुमारास उत्पादन सुरू झाले ते ५ मायक्रॉनच्या तंत्राने. तिथून हा कारखाना ०.८ मायक्रॉनपर्यंत पोहोचला, म्हणजे त्या काळच्या आघाडीपासून तो फार दूर नव्हता. टीएसएमसीचा तेव्हा जेमतेम जन्म झाला होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये मोहालीला भीषण आग लागली आणि यंत्रसामग्री भस्मसात झाली. पुन्हा उभारणी होईतो जग पुढे निघून गेले होते. पुढे हा कारखाना अवकाश विभागाकडे आणि अलीकडे माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आला. आजही तिथे १८० नॅनोमीटरच्या चिप तयार होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सादर करण्यात आलेला 'विक्रम' हा अवकाशयानांसाठीचा प्रोसेसर तिथलाच.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली आणि राज्याराज्यांत चढाओढ लागली. महाराष्ट्राच्या वाट्याला पहिला आला तो वादच. वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प पुण्याजवळच्या तळेगावला येणार अशी अपेक्षा असताना सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा सामंजस्य करार गुजरातशी झाला. मुख्यमंत्रिपदी तेव्हा ठाण्याचे एकनाथ शिंदे होते. त्यामुळे विरोधकांनी उठविलेले काहूर ठाण्यात जरा जास्तच घुमले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि गुजरातमध्येही तो प्रकल्प त्या स्वरूपात उभा राहिला नाही. महाराष्ट्रात मात्र 'पळविलेला प्रकल्प' हा शब्दप्रयोग कायम राहिला.

ऑगस्ट २०२५ पर्यंत केंद्राने मंजूर केलेल्या सेमीकंडक्टर प्रकल्पांची संख्या दहा झाली. एकूण गुंतवणूक सुमारे एक लाख ६० हजार कोटी. धोलेरा येथील टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांचा ९१ हजार कोटींचा कारखाना त्यांतला सर्वांत मोठा. हे दहा प्रकल्प सहा राज्यांत विभागलेले होते: गुजरात, आसाम, उत्तर प्रदेश, पंजाब, ओडिशा आणि आंध्र प्रदेश. देशातील सर्वाधिक औद्योगिक राज्य म्हणवून घेणारा महाराष्ट्र या यादीत नव्हता.

तळोजाच्या प्रकल्पाला राज्याची मंजुरी होती, केंद्राच्या योजनेतील मंजुरी मात्र मिळालेली नव्हती. पहिल्या टप्प्यात महिन्याला ४० हजार चकत्या, दुसऱ्यानंतर ८० हजार आणि पाच हजार रोजगार, असे त्याचे चित्र रंगविण्यात आले होते. २०२५ च्या मे महिन्याच्या सुमारास अदानी समूहाने टॉवरशी सुरू असलेली बोलणी थांबविल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले. भारतात एवढ्या चिपना मागणी किती, याबाबत समूहाची खात्री पटली नसल्याचे कारण त्यात होते. शासनाची मंजुरी आणि कारखान्याचा पाया यांत किती अंतर असू शकते, याचे याहून ताजे उदाहरण शोधायला नको.

महापेतील केंद्राचे स्वरूप वेगळे आहे आणि इथेच अनेकांचा घोटाळा होतो. चकतीवर चिप घडविणारा तो फॅब. तयार चकती कापून एकेक चिप वेगळी करणे, ती आधारावर बसविणे, तिला बारीक तारांनी जोडणे, वेष्टन करणे आणि तपासणे, ही कामे करणाऱ्या केंद्राला उद्योगात 'ओसॅट' म्हणतात. फॅबला हजारो कोटी लागतात. ओसॅट त्याच्या काही अंशात उभे राहते आणि मनुष्यबळ मात्र तुलनेने अधिक घेते. मलेशियातील पेनांगने १९७० च्या दशकात याच कामापासून सुरुवात केली. ठाणे-बेलापूर पट्ट्याला ही पायरी साजेशी आहे. महापे येथे औद्योगिक विकास महामंडळाचा इलेक्ट्रॉनिक विभाग पूर्वीपासून आहे, विमानतळ आणि बंदर जवळ आहे.

उद्घाटनाच्या वेळी या कंपनीने बारा हजार कोटी रुपयांच्या घरातील गुंतवणुकीची घोषणा केली होती. याच नावाशी साधर्म्य असलेली आरआरपी सेमीकंडक्टर ही शेअर बाजारात नोंदलेली वेगळी कंपनी आहे. तिच्या समभागाचा भाव वर्ष-दीड वर्षात शेकडो पटींनी वाढला. २०२५ च्या अखेरीस कंपनीने स्वतःच बाजाराला कळविले, की आपण अद्याप कोणतेही सेमीकंडक्टर उत्पादन सुरू केलेले नाही आणि शासनाच्या योजनेखाली अर्जही केलेला नाही. 'सेमीकंडक्टर' या शब्दापाठोपाठ धावणाऱ्या छोट्या गुंतवणूकदारांनी हे निवेदन आधी वाचले असते तर बरे झाले असते.

वीज, पाणी आणि रसायने

मोठा फॅब या परिसरात आला, असे समजू. त्याला लागणाऱ्या गोष्टी इथे आहेत का?

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिन्यांवरील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या, त्या सुरू व्हायला दोन-अडीच तास लागले. काही भागांत वीज यायला संध्याकाळ झाली. प्रवाशांना तो दिवस आठवतो तो रुळांवरून चालत गेल्यामुळे. चिप कारखान्याच्या बाबतीत तासांचा प्रश्नच येत नाही. डिसेंबर २०१० मध्ये जपानमधील योक्काइची येथे तोशिबाच्या कारखान्याच्या विजेचा दाब ०.०७ सेकंदापुरता घसरला होता. डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही हा काळ कमी. तेवढ्याने पुढच्या काही आठवड्यांतील पुरवठा वीस टक्क्यांपर्यंत घटण्याची भीती कंपनीने व्यक्त केली. जून २०१९ मध्ये त्याच ठिकाणी १३ मिनिटे वीज गेली, तेव्हा उत्पादन पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. २००० च्या दशकातील भारनियमनाचे तास ज्यांनी काढले आहेत, त्या कल्याण-डोंबिवलीकरांना वीज सुधारल्याचे मान्य आहे. पण फॅबची मोजपट्टी घरगुती ग्राहकाच्या मोजपट्टीपेक्षा वेगळी असते.

याच पट्ट्यात विजेचा दुसरा मोठा भागीदारही आहे. ऐरोली, रबाळे, महापे येथे गेल्या काही वर्षांत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. पनवेलच्या डेटा सेंटरमध्ये २०२४ पासून एनव्हिडियाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या चिप येऊ लागल्या. त्यांचे आरेखन कॅलिफोर्नियात होते आणि उत्पादन तैवानमध्ये. ठाणे खाडीच्या परिसराशी जगातील सर्वांत प्रगत चिपचे नाते आहे ते असे, ग्राहकाचे.

पाण्याचे गणितही सोपे नाही. चकती प्रत्येक टप्प्यावर अतिशुद्ध पाण्याने धुवावी लागते. टीएसएमसीच्या तैवानमधील कारखान्यांना दिवसाला सुमारे दीड लाख टन, म्हणजे पंधरा कोटी लिटर पाणी लागत असल्याचे आकडे २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाले होते. २०२१ च्या दुष्काळात या कंपनीने टँकरने पाणी आणले. ठाणे जिल्ह्यातील औद्योगिक पाण्याची भिस्त बदलापूरजवळच्या बारवी धरणावर आहे. डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर या साऱ्या वसाहती आणि काही शहरेही त्याच पाण्यावर आहेत. धरणाची उंची वाढविल्यावर साठा वाढला, पण त्यासाठी गावे उठली. पाणीकपातीच्या उन्हाळ्यात नव्या वाटेकऱ्याचे स्वागत रहिवासी कसे करतील, हे वेगळे सांगायला नको. अर्थात आधुनिक फॅब वापरलेल्या पाण्याचा मोठा भाग शुद्ध करून पुन्हा वापरतात. सिंगापूरने तर सांडपाण्यापासून मिळविलेले शुद्ध पाणी आपल्या चिप उद्योगाला देऊन हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला.

डोंबिवलीकरांच्या दृष्टीने अधिक नाजूक विषय रसायनांचा. चिप उद्योगाची 'स्वच्छ उद्योग' ही ख्याती त्याच्या पांढऱ्या पोशाखांमुळे झाली आहे. प्रत्यक्षात तिथे हवेत आपोआप पेट घेणारा सिलेन वायू लागतो, आर्सिन आणि फॉस्फिनसारखे जहाल विषारी वायू लागतात, काच विरघळविणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी प्रत्येकी दहाहून अधिक बळी घेतले, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. तेव्हा धोकादायक कारखाने हलविण्याची मागणी पुन्हा पुढे आली. फॅबमधील वायूंसाठी दुहेरी नळ्या, गळतीशोधक यंत्रणा आणि स्वयंचलित झडपा असतात, हे खरे. पण यंत्रणेइतकीच तपासणी करणारा निरीक्षकही सक्षम असावा लागतो. या दुसऱ्या गोष्टीवर डोंबिवलीकरांचा विश्वास उरलेला नाही आणि त्यांना दोष देता येणार नाही.

सर्वच चिप नॅनोमीटरच्या नसतात

कल्याणहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एका अर्थी दोन प्रकारचे सिलिकॉन एकत्र प्रवास करते. प्रवाशाच्या हातातील महागड्या फोनमध्ये ३ नॅनोमीटरची चिप असते. त्याच्या पायाखाली, डब्याच्या तळाशी, गाडीच्या मोटारींना वीज पुरविणारी आयजीबीटी ही शक्तिशाली अर्धवाहक साधने असतात. त्यांची मोजदाद नॅनोमीटरमध्ये करीत नाहीत, व्होल्ट आणि अँपिअरमध्ये करतात. २००७ पासून मुंबईत आलेल्या नव्या गाड्यांमध्ये याच तंत्रामुळे ब्रेक लावताना वीज परत तारेत पाठविता येऊ लागली. २०१५ मध्ये मध्य रेल्वेची मुख्य मार्गिका एकदिश प्रवाहावरून २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर गेली, त्यातही अशा साधनांचा वाटा होता.

२०२१ मध्ये जगभर मोटारींचे कारखाने थांबले, ते प्रामुख्याने अशाच जुन्या पिढीच्या, स्वस्त चिपअभावी. विद्युत वाहने, सौर इन्व्हर्टर, वीजमीटर या साऱ्यांना त्याच लागतात. तळोजासाठी निवडलेली टॉवर ही कंपनीदेखील अशाच विशेष चिपसाठी ओळखली जाते. भारताला प्रवेश मिळू शकतो तो या दालनातून, यावर जाणकारांत बऱ्यापैकी एकमत आहे. अडचण एवढीच, की चीननेही याच दालनात प्रचंड क्षमता उभी केली आहे आणि भाव खाली ओढले आहेत. कारखाना उभा राहीपर्यंत बाजार तसाच राहील, याची हमी कोणी देत नाही.

मनुष्यबळाची बाजू त्या मानाने भक्कम आहे. जगातील चिप आरेखन अभियंत्यांपैकी सुमारे २० टक्के भारतीय असल्याचे सांगितले जाते. ठाण्यापासून तासाभराच्या अंतरावरील पवईच्या आयआयटीत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे उत्कृष्टता केंद्र आहे आणि स्वच्छ कक्षही आहे. प्रा. माधव देसाई यांच्या गटाने तयार केलेला 'अजित' हा प्रोसेसर २०१९ मध्ये पुढे आला. प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने विकसित केलेले स्मृती-तंत्रज्ञान मोहालीच्या कारखान्याने १८० नॅनोमीटरच्या उत्पादनासाठी स्वीकारले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये चिप आरेखनाचा पदवी अभ्यासक्रम आणि चिप उत्पादनाचा पदविका अभ्यासक्रम जाहीर केला. यांपैकी पदविकेकडे ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी अधिक लक्ष द्यायला हवे. फॅब असो वा ओसॅट, यंत्रापाशी पाळीत उभा राहणारा तंत्रज्ञ तिथे पदवीधर अभियंत्यापेक्षा मोठ्या संख्येने लागतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने मोहालीच्या कारखान्याच्या आधुनिकीकरणासाठी ४,५०० कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. देशभरातील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आरेखित केलेल्या चिप तिथे तयार होऊन त्यांना परत मिळू लागल्या आहेत. पवईत आरेखित झालेल्या चिपनाही तूर्त तेवढाच, सोळाशे किलोमीटरचा, प्रवास करावा लागतो.